हाड लागेपर्यंत

लोक खिडकीला पडदा लावतात. परबमामींनी एक्स-रे लावलेत, कपड्यांच्या चिमट्यांनी, ओळीने. ऊन आलं की मामांची नडगी, मुलाचं कोपर आणि मामींचा स्वतःचा गुडघा झळकतो. कोणी चहाला आलं, की लग्नाचे फोटो दाखवावेत तसं दाखवतात. "ह्यो माझो झिल. शाळेत असताना झाडावरसून पडललो." समोर नुसतं कोपर असतं.

मुलुंडच्या आमच्या चाळीत मामी माझ्या शेजारी. मी फार बोलत नाही, त्यांना ऐकणारं माणूस लागतं, म्हणून बरं जमायचं. मग मोरीत पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं आणि त्यांनी माझा ताबाच घेतला.

रोज सकाळी यायच्या. प्लास्टरबाहेरची बोटं दाबून गरम की गार बघायच्या. "दही लागता तसा हाड लागता गो. आधी पातळ, मगे घट्ट. मधीच हलयलंस तर वाट लागली." माझी पाण्याची कळशी त्याच भरायच्या. एकदा बकऱ्याच्या पायांचं सूप घेऊन आल्या. मी माळकरी. नको म्हणून हात जोडावेत, तर एक हात गळ्यात बांधलेला. मामींनी वाटी स्वतःकडे ओढली. "बरा. तुझ्या नावान मी पितंय," म्हणाल्या आणि माझ्यासमोर बसून प्यायल्या. मला नाचणीची आंबील.

हसू यायचं, पण काम जाईल ही भीती होती. मी लोकांकडे पोळ्या करते. डॉक्टर म्हणाले होते, हाड अजून धरत नाही, पुढच्या फोटोतही असंच दिसलं तर ऑपरेशन करून प्लेट घालू. माझ्या घरांनी बदली बाई ठेवली होती. तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात, असंही कानावर आलं.

त्या भीतीने एका दुपारी मी परात पुढे ओढली आणि जमतं का बघायला प्लास्टरबाहेरची बोटं पिठात घातली. तेवढ्यात मामी आल्या. ओरडल्या नाहीत. परात घेऊन खाली बसल्या आणि स्वतः मळायला लागल्या. पीठ झालं, उठायला गेल्या, आणि अर्ध्यातच थांबून परत बसल्या. चेहरा पांढरा पडला.

मी हात पुढे केला.

"हात लावू नको. माझो भार पडलो तर तुझा हाड सुटतला."

"कोणाला बोलवू?"

"कोणाक नको. झिलाक कळला तर तो माका आपल्या घराक, नाहूराक नेतलो आणि ही खोली बंद करतलो."

मग थांबत थांबत सांगितलं. पाठीचे मणके आतून पोकळ झालेत, एक दबलाय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला माझी कळशी आठवली. हल्ली त्यांच्या निऱ्या जमिनीवर का लोळतात, तेही कळलं. मामी बुटक्या होत चालल्या होत्या.

उचलता येत नव्हतं. म्हणून मी त्यांच्या मागे, पाठीला पाठ टेकून बसले. कळ ओसरली तेव्हा खाटेचा पाय धरून त्या उठल्या.

पुढच्या फोटोत हाड धरलेलं आलं. मामींनी तो उजेडात धरून बराच वेळ बघितला. "लागला गो," म्हणाल्या. मग हळूच, "आता सकाळी मी खय जाऊ?"

 

हात वळायला लागला, तसं दोन घरांनी परत बोलावलं. तिसरं मऊ पोळ्यांकडेच राहिलं. त्या रिकाम्या वेळात एके दिवशी मी मामींना घेऊन दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या माणसाने केसपेपर करताना विचारलं, "सोबत कोण?"

अशा ठिकाणी माझा आवाजच जातो.

"मुलगी," मी म्हटलं.

"काय?"

मामींनी मला कोपराने ढोसलं. "जोरान सांग गो. तेका आयकाक येवक नाय."