रंगुबाईंचा हवाई चष्मा

आमच्या ड्रोननं पार्सल येणार म्हणजे धूर नाही, आवाज नाही, झाडाचं पानसुद्धा हलणार नाही! आटपाडीजवळच्या त्या वाडीत, कंपनीच्या डिझेल जीपशेजारी उभं राहून, मी हे ठणकावून सांगितलं. मी पुष्कर, सांगलीचा. ड्रोन कंपनीत 'हरित अधिकारी'. हुद्दा कंपनीचा, रुबाब माझा स्वतःचा!

पहिलं पार्सल रंगुबाईंचं. मिरजेला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आता नवा चष्मा आटपाडीहून आभाळातून येणार म्हणून सगळी वाडी त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली गोळा झाली.

"चष्मा आला की आधी काय बघणार, आजी?" मी विचारलं.

"नातीचं त्वांड! बारशापास्नं नुसता आवाजच ऐकतीया."

तेवढ्यात ड्रोन आला. शंभर मिक्सर एकदम चटणी वाटतायत असा आवाज! म्हशीनं दावं तोडलं, कोंबड्या थेट स्वयंपाकघरात. "घाबरू नका, हा पर्यावरणपूरक आवाज आहे!" मी ओरडलो.

निंबावर घारीचं घरटं होतं. तिला हे पटलं नाही. तिनं ड्रोनला अशी धोबीपछाड दिली, की तो गिरक्या घेत वरच्या फांदीत जाऊन अडकला! चष्म्याचा डबा खाली लोंबकळायला लागला.

"ट्रॅक्टर आणा रं!" मेंढपाळ धुळा ओरडला. दोन आले, पण त्यावर चढूनही डब्याला हात पोचेना. बघ्यांच्या मोटारसायकली तर विचारू नका! एवढा धूर झाला, की मला घार दिसेना आणि घारीला मी.

"फांदी तोडू का?" धुळानं विचारलं.

"खबरदार!" रंगुबाई कडाडल्या. "वर पिल्लं हायती. ऱ्हाऊ दे त्यो चष्मा!"

शेवटी धुळानं मेंढ्यांना पाला पाडायच्या लांब आकडीनं डबा हलकेच ओढून घेतला. चष्मा शाबूत! रंगुबाईंनी तो चढवला, नातीची हनुवटी उचलली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"नाक माझंच घेतलंय गं बाई!" त्या खुदकन हसल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू कशानं आलास रं?"

"जीपनं."

"मग चष्मा खिशात घालून का न्हाई आणलास?"

मी खिसा चाचपला. डबा आरामात मावला असता!

तरी त्यांनी मला प्रेमानं बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. निंबाखाली बसून मी दुसरी भाकरी मोडतोय, तोच साहेबांचा फोन! वर बघितलं, तर घार ड्रोनच्या पंख्यावर निवांत बसलेली.

"पुष्कर, ड्रोन कुठंय?"

"पर्यावरणात, सर!"