कृपया नाव लिहू नये

राहीकाकीला लिहिता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव, आणि रत्नागिरीच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या त्या कागदावर नेमकं तेवढंच लिहायचं नव्हतं.

"सेवेबद्दल मत द्या काकी, निनावी आहे," समुपदेशक वेदिका म्हणाली. "पेटीत टाका. मी बैठकीत सगळी वाचून दाखवणार."

"निनावी म्हणजे बेवारशीच की! मी काय चोरून बोलतेय?"

चोरून बोलणं तिला माहीतच नव्हतं. बुरोंडीच्या बंदरावर तिच्या तोंडी कुणी लागत नसे. मुलगा संदेश तीन आठवडे केंद्रात होता. दारू सुटली होती, वाचा फुटली नव्हती. तो स्वतःहून बोलल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं वेदिकाने बजावलं होतं. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर, आणि बोटीवर माणूस नाही.

तिने संदेशलाच लिहायला बसवलं.

"लिही. चहा पांचट. पंखा कुरकुरतो. मॅडम एकच प्रश्न दहादा विचारते."

संदेश मान खाली घालून लिहीतच राहिला.

"मेल्या, पांचटला एवढ्या ओळी लागतात होय?"

कागद हिसकावून तिने अंगाऱ्याची पुडी बांधावी तशी त्याची घडी घातली आणि पेटीत टाकली.

बैठकीत पेटीतून तिसरी चिठ्ठी निघाली ती पुडीच. राहीकाकी सावरून बसली. स्वतःच्या नवऱ्यासाठी केंद्रात आलेल्या, शेजारी बसलेल्या सईदाला तिने कोपर मारलं. "आता ऐक. कुणा शहाण्या बाईचं दिसतंय."

वेदिका वाचू लागली, "'मॅडम, तुम्ही प्रश्न मला विचारता आणि उत्तर आई देते. तिला दम लागला की मी बोलेन. पण तिला दम लागत नाही.'"

हॉल खदखदला. "खरंच गो, शहाणीच आहे!" सईदा म्हणाली.

'हे मी सांगितलंच नव्हतं' म्हणून ओरडावं, तर कागद आपला ठरत होता. गप्प बसावं, तर जन्मात सवय नव्हती.

"संदेश, प्यायला का लागलास?" वेदिकाने अकराव्यांदा विचारलं.

"संगत वाईट, दुसरं का..." राहीकाकी निघालीच होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. पंखा कुरकुरत राहिला.

"दर्याची भीती वाटते मला," संदेश म्हणाला. "ती जावी म्हणून प्यायचो. आये, मी बोटीवर नाय जाणार."

सासरा बोट हाकणारा तांडेल, नवरा तांडेल. तोंडात पदर नसता, तर सगळा हॉल पाण्याखाली गेला असता. राहीकाकीने दात आवळले. मग तिने पदर तोंडातून काढला आणि डोळ्यांना लावला.

"अजून काही, संदेश?" वेदिकाने हळूच विचारलं.

"चहा पांचट असतो."

"हे तुझंच मत ना?"

संदेशने आईकडे पाहिलं.

"असं विचारू नये मॅडम," राहीकाकी म्हणाली. "निनावी हाय ते."