चारही चाकं जमिनीवर

“आर्विड, शेवटचं सांगते. माझी गाडी अशी फरफटत न्यायची नाही.”

“फरफटत नाही गं, ओढत. दोन्हींत फरक आहे.”

“तो तुला. गाडीला काय फरक?”

मार्लिसने कॉफीचा पेला टेबलावर असा ठेवला की ओटिस कुत्रा झोपेतून दचकला आणि उठून घरगाडीतल्या मागच्या झोपायच्या खोलीत गेला. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या तळावर सकाळी सकाळी दोनशे घरगाड्या उभ्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मागे एकेक लहान गाडी लोखंडी दांड्याने जोडलेली होती. आर्विड लिंडक्विस्टने नेमकं तेच दाखवायला खिडकीचा पडदा सरकवला. “हे सगळे काय वेडे आहेत?”

“डेल्बर्टला विचारलंस ना? काय म्हणाला तो?”

आर्विडने पडदा पुन्हा लावला. शेजारच्या घरगाडीतला डेल्बर्ट म्हणाला होता की, इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही, आणि त्याच्या मेहुण्याच्या गाडीत आयोवापर्यंत पोचता पोचता गिअरांची पेज झाली होती, पेज. “पण मेहुण्याची गाडी ऑटोमॅटिक होती,” आर्विड म्हणाला. “तुझी साधी, हाताने गिअर टाकायची. न्यूट्रलमध्ये ठेवायची, किल्ली एक घर फिरवून स्टिअरिंग मोकळं करायचं, हँडब्रेक सोडायचा. झालं. चारही चाकं जमिनीवर, मजेत येते मागे.”

“मग मी चालवत येते मागून. काय बिघडलं?”

“ट्यूसॉनपर्यंत अडीचशे मैल दोघांनी दोन गाड्या हाकायच्या? मग एकत्र प्रवास कसला?”

“बरं, तर घरगाडी मी चालवते.”

“ती बस नाहीये, मार्लिस.”

हे बोलायला नको होतं. मार्लिसने मिनेसोटातल्या बर्फात तीसेक वर्षं शाळेची बस चालवली होती. या घरगाडीच्या स्टिअरिंगला मात्र आर्विडने तिला दोन आठवड्यांत बोट लावू दिलं नव्हतं. तो स्वतः जन्मभर बुटांच्या दुकानात बसलेला. चालवायला लागला की मान खांद्यात घालून दोन्ही हातांनी स्टिअरिंगच्या चाकाला असा लटकायचा, जसं काही गाडी चाकालाच टांगली आहे.

“ऐक,” ती उठली. “माझ्या गाडीला काही झालं, तर ट्यूसॉनहून मी विमानाने घरी जाईन. तू आणि ओटिस फिरा हिवाळाभर. आणि तिथं पोचेपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही.”

पण काम ते काम. दिवे तपासायला ती वॉकीटॉकीच्या जोडीतली एक घेऊन खाली उतरली. दुसरी आर्विडकडे. “डावा?” “लागला.” “उजवा?” “लागला.” “ब्रेकचा?” “लागला.” एवढं बोलणं तिने अबोल्यातून वगळलं होतं. मग ती आपल्या लाल गाडीत बसली, दार ओढून घेतलं, न्यूट्रल टाकलं, हँडब्रेक सोडला आणि किल्ली फिरवायला लागली. किल्ली नेहमीसारखी अडली. स्टिअरिंग इकडे तिकडे हलवून, जरा गोंजारून, जरा शिव्या देऊन ती एकदाची फिरली.

तेवढ्यात वाळवंटातला वारा आला आणि मार्लिसने उघडं टाकलेलं घरगाडीचं दार धाडकन लागलं. त्या हादऱ्याने आत ओटिसच्या खोलीचं सरकतं दारही सरकून बंद झालं.

“आलीस?” तिच्या मांडीवरच्या वॉकीटॉकीतून आर्विडचा आवाज आला. “जा, मागे खोलीत बस. नको बोलूस. निघू या.”

“अरे, मी इथे आहे! थांब!” मार्लिस बटण दाबून ओरडली. पण आर्विडने आपली वॉकीटॉकी खुर्ची आणि हाताच्या टेकूच्या मधल्या फटीत खुपसली होती, आणि तिचं बटण तिथे दाबलं गेलं ते गेलंच. एकाचं बटण दाबलेलं असलं की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. मार्लिसला मात्र आता सगळं ऐकू येत होतं: इंजिनाची घरघर, कपाटातल्या पेल्यांची किणकिण आणि आर्विडचा सुस्कारा. लाल गाडीला हलका हिसका बसला आणि ती चालायला लागली.

डेल्बर्ट अर्ध्या चड्डीत उभा राहून हात हलवत होता. मार्लिसने काचेवर थापा मारल्या. त्याला वाटलं, बाई निरोप घेतेय. त्याने दोन्ही हात हलवले.

तिने हॉर्न दाबला.

“कोण गाढव आहे मागे?” वॉकीटॉकी म्हणाली. “जा बाबा पुढे, जा.” घरगाडी जरा उजवीकडे सरकली. लाल गाडीही निमूटपणे मागोमाग सरकली. आर्विडच्या आरशांत नेमकं पाठीमागचं काही दिसत नसे, आणि मागचं दाखवणारा कॅमेऱ्याचा पडदा कालपासून काळा पडला होता. मार्लिसचा फोन आत, स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्ज होत होता. तिने दिवे उघडझाप केले. वाळवंटाच्या उन्हात ते तिलाच दिसले नाहीत. शेवटी तिने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.

“चढ आहे वाटतं,” आर्विड पुटपुटला आणि त्याने वेग वाढवला.

तिने घाईने पाय काढला. ब्रेक जळायचे, नाहीतर दांडा तुटायचा. ओढलेल्या गाडीत माणसाने बसायचं नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि आता उतरताही येत नव्हतं. तिने पट्टा लावला. तिच्यासमोर तिच्याच गाडीचं स्टिअरिंग आपोआप थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळत होतं. तीस वर्षं चाक हातात धरलेल्या बाईला याहून मोठा अपमान नव्हता. पण हात लावला तर गाडी तिरकी जाईल, म्हणून ती हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसावं तशी बसली. अधूनमधून हॉर्न तेवढा वाजवत राहिली.

“मार्लिस,” आर्विड म्हणाला. “ऐकतेयस ना? नको बोलूस, पण ऐक.”

“दुसरं काय करतेय मी!” ती वॉकीटॉकीवर खेकसली.

“तुला वाटतं, मी हट्टाने तुझी गाडी बांधली. तसं नाही गं. अख्ख्या तळाला विचारत फिरलो मी. डेल्बर्टला विचारलं, त्या टेक्सासच्या जुळ्या भावांना विचारलं, धुलाईखोलीत एका बाईला थांबवून विचारलं, ती घाबरली बिचारी. ही गाडी सुखरूप येईल ना, एवढंच विचारलं. कारण मला माहीत आहे, गाडी नसली तर तू या डब्यात माझ्यासोबत दिवसभर कोंडून पडशील. आणि मग जाशील निघून. तुला इथं धरून ठेवेल असं माझ्यात आहे तरी काय? म्हणून गाडी आणली. वाटेल तेव्हा बाहेर जाता आलं, तर राहशील असं वाटलं.”

मार्लिस हॉर्नवर हात ठेवून होती. तिने हात काढला.

“आणि दुसरं असं,” आवाज खाली आला. “मला या धुडाची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. रात्री डोळे मिटले की वळणं दिसतात. तुला द्यायला हवं होतं चालवायला. पण घेताना सगळ्या गावाला मी सांगून बसलो ना, मी चालवणार म्हणून. आता कुठल्या तोंडाने…”

एक भलामोठा ट्रक भोंगा वाजवत बाजूने गेला. ड्रायव्हरने खाली पाहिलं, लाल गाडीतल्या बाईला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो हातवारे करायला लागला. मार्लिसने त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

“आपण लोकांना सांगतो ना, तू बूट घ्यायला दुकानात आलीस आणि आपली ओळख झाली,” आर्विड सांगत होता. “ते खरं नाही. त्याच्या आधी, जानेवारीत, मी दुकानाच्या मागच्या दारात उभा होतो. ढोपरभर बर्फ. तुझी बस त्या बोळात अडकली होती. मी म्हटलं, आता ही पोरगी रडणार. तू काच खाली केलीस, डोकं बाहेर काढलंस आणि एका दमात ती बस उलटी बाहेर काढलीस. भिंतीला एक ओरखडा नाही. मी आत गेलो, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दोन्ही डाव्या पायाचे बूट दिले. दुसऱ्या दिवसापासून तो बोळ मी पहाटे उठून साफ करायचो. तुला वाटायचं, नगरपालिका करते.”

मार्लिसला खरंच तसं वाटायचं. नगरपालिकेच्या कार्यालयात तिने एकदा नाताळला केकही नेऊन दिला होता.

रस्ता आता खिंडीत शिरत होता. पुढे उतार होता, लांबलचक, वळणावळणांचा. तशी पाटीही आली.

“मार्लिस,” आर्विडचा आवाज अगदी मऊ झाला. “तो उतार आला. तू… तू चालवशील का गं? बोलू नकोस. हो म्हणायचं असेल, तर नुसतं दार वाजव.”

“वाजव रे ओटिस!” मार्लिस बंद गाडीत ओरडली. आर्विडचा आवाज मऊ झाला की त्यानंतर बहुधा बिस्कीट येतं, हे ओटिसला चांगलं कळत होतं. अशा वेळी त्याची शेपटी खोलीच्या दारावर जोरात आपटायची.

ठक. ठक. ठक.

“देव भलं करो तुझं!” आर्विड म्हणाला. घरगाडी वेग कमी करत रस्त्याकडेच्या थांब्यावर वळली आणि उभी राहिली. मार्लिस मात्र लगेच उतरली नाही. वॉकीटॉकीतून खोलीचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला.

“ओटिस?” आर्विड म्हणाला. “ती कुठाय?”

मग धावपळ सुरू झाली. न्हाणीचं दार उघडलं. कपाट उघडलं. ओट्याखालचं कपाटसुद्धा उघडलं. तिथे फक्त बटाटे मावत. “मार्लिस! अरे देवा, वाळवंटात सोडून आलो मी तिला! पाण्याची बाटलीसुद्धा नाही तिच्याकडे!” धाडधाड पायऱ्या उतरून तो मागे धावत आला, लाल गाडी सोडवून तळावर परत जायला. दांड्याची खीळ उपसायला वाकला, आणि वर पाहिलं तर काचेपलीकडे मार्लिस.

तो तिथेच जमिनीवर बसला. टोपी काढली, पुन्हा घातली. मग उठला, लाल गाडीच्या चारही चाकांना हात लावून पाहिला, खाली वाकून वास घेतला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

“बघ!” तो म्हणाला. “काही झालं नाही गाडीला! चाकं फार तापलीसुद्धा नाहीत!”

मार्लिस दार उघडून उतरली. इतक्या मैलांत तिने मनात जुळवून ठेवलेलं पुष्कळ काही होतं. पण त्याचे गुडघे धुळीने भरले होते.

“मला किल्ली दे,” ती म्हणाली.

त्याने दिली. मग त्याची नजर तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवर गेली आणि त्याचा रंग बदलला. “तुला… ऐकू येत होतं?”

“कसलं ऐकू! बॅटरी तळाच्या फाटकातच मेली. का रे, काही म्हणालास?”

“छे, छे. हवेबद्दल बोलत होतो.”

तो सुटल्यासारखा हसला. पण शेजारच्या खुर्चीत बसताना त्याचे खांदे जरा पडलेले तिला दिसले. मार्लिसने खुर्ची पुढे ओढली, आरसे आपल्याला जुळवले आणि घरगाडी, मागच्या लाल गाडीसकट, उताराला लावली. लहान गिअर टाकला, ब्रेकवर पाय न रगडता पहिलं वळण घेतलं. मग दुसरं. पेल्यांची किणकिण थांबली. ओटिस येऊन दोघांच्या मध्ये आडवा पडला. त्याला बिस्कीट मिळालं.

तिसऱ्या वळणानंतर आर्विडने घसा साफ केला.

“मार्लिस. खरं तर मी काही तरी म्हणालो होतो.”

“हं.”

“तुझी बॅटरी मेली, ते बरंच झालं म्हणा. पण आता तोंडावरच सांगतो.” आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी वाक्यं तुटत होती, नजर खिडकीबाहेरच्या निवडुंगांवर होती. अख्ख्या तळाला गाडीचं विचारलं, ते सांगितलं. या धुडाची भीती वाटते, तेही सांगितलं. धुलाईखोलीतल्या बाईजवळ जरा अडखळला, पण तीही आली. मग तो मांडीवरची टोपी फिरवत बसला. “बस. एवढंच.”

मार्लिसने पुढचं वळण सावकाश घेतलं. तिचे डोळे रस्त्यावर होते.

“आणि ते बर्फातल्या बसचं?” ती म्हणाली. “ते राहिलं की.”