तुळसाचं गाऱ्हाणं

यंदा माहेरच्या जत्रेत तुळसाला दोन पेले कोकम सरबत पाजीन, आणि तेही एकाच संध्याकाळी, अशी घोषणा दत्ताराम ड्रायव्हरने दिवाळीतच करून टाकली होती. ऐकणाऱ्याला वाटावं, त्यात काय एवढं, सरबतच ते! पण गेली तीन वर्षं तुळसाला जवळून पाहणाऱ्यांना कळत होतं की गडी फार मोठं बोलून बसलाय.

तीन वर्षांपूर्वी तुळसाचं उजवं अंग वाऱ्याने गेलं. जीभ तेवढी पहिल्यासारखीच चालत राहिली, आणि त्याबद्दल दत्ताराम देवीचे रोज आभार मानायचा, एखाद दुसरा प्रसंग सोडून. तिला चाकाची खुर्ची आली. आंघोळ, वेणी, लुगडं नेसवणं, सगळं दत्ताराम शिकला. नोकरीत असताना त्याने खारेपाटणपासून रेडीपर्यंत एसटी हाकली होती, पण लघवीला जायचं कुठे हा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात पडला नव्हता. बरंसं झाड दिसलं की गाडी थांबायची, विषय संपायचा.

तुळसाचा विषय तसा संपत नव्हता. तिला खुर्चीतून उठवायला, धरायला, पुन्हा बसवायला माणूस लागायचा, आणि तो माणूस म्हणजे दत्ताराम. तिला पुरुषांकडे नेता येईना, त्याला बायकांकडे जाता येईना. एकदा आंबोलीला अगदीच नाइलाज झाला म्हणून तो तिला उचलून सरळ बायकांच्या बाजूला शिरला. आत एक बाई छत्री मिटत उभी होती. आंबोलीच्या पावसाला पुरून उरलेली छत्री ती! दत्तारामच्या दोन्ही हातांत तुळसा, त्यामुळे डोकं झाकायला हात नाही. त्याने पाच-सहा रट्टे मुकाट्याने खाल्ले, पण बायकोला खाली ठेवलं नाही.

घरी आल्यावर त्याच्या टेंगळाला हळद लावता लावता तुळसा म्हणाली, "माका आता खंय न्हेव नकात."

तेव्हापासून बाहेर जायची वेळ आलीच, तर ती आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवायची नाही. ओठ सुकून जायचे, तरी विचारलं की तहान नाही म्हणायची. माहेरची जत्रा तर तिने सोडूनच दिली. देवीची ओटी शेजारणीच्या हाती पाठवायची आणि त्या दिवशी घरात कुणाशी फारसं बोलायची नाही. दत्तारामला छत्रीपेक्षा ते जास्त लागायचं.

म्हणून तो वर्षभर तुळसाच्या माहेरी खेपा घालत होता. तिथली सरपंच किशोरी ही तुळसाच्या चुलतभावाची सून. दत्तारामने तिचं डोकं इतकं खाल्लं की देवळामागे बांधायच्या शौचालयाचा नकाशाच बदलला. दार रुंद, पायरीच्या जागी उतार, भिंतीला धरायला दांडे, मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलता येतील असा बाक, आणि आत नवरा, मुलगा, सून, कोणीही सोबत जावं एवढी ऐसपैस जागा. बांधकाम चालू असताना तो रिकामी खुर्ची आत नेऊन एका दमात वळवून बघायचा. जरा अडकली की गवंड्याला भिंत मागे घ्यायला लावायचा.

इथपर्यंत सगळं उत्तम झालं. मग दत्तारामला मायेचं भरतं आलं आणि घोटाळा झाला.

त्याने ठरवलं की ह्या खोलीचा पहिला मान तुळसाचा. तोवर कोणी वापरू नये, म्हणून त्याने कमोड ज्यात आला होता तोच खोका कमोडवर उपडा घातला, आणि खोका बरा दिसेना म्हणून त्यावर नवीकोरी पांढरी चादर अंथरली. दारावर 'शौचालय' असा बोर्ड लावायला पेंटर आला, त्यालाही परत पाठवलं. चारचौघांत बायकोला त्या पाटीखालून न्यायचं त्याच्या जिवावर आलं. किशोरी म्हणाली, बोर्ड नसेल तर लोकांना कळणार कसं? तो म्हणाला, ज्याला कळायचं त्याला कळेल.

जत्रेच्या दिवशी त्याने शेजाऱ्याची व्हॅन मागून घेतली आणि दुपार कलताना तुळसाला घेऊन माहेरी पोचला. तीन वर्षांनी वेशीवरचा वड दिसला तशी तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. रडताना पाहिलेलं तिला आवडत नसे. पहिल्याच दुकानाशी त्याने सरबताचा पेला तिच्या डाव्या हातात दिला. तिने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बघा हां," ती म्हणाली. "मी तुमच्या भरवशार पितंय."

आणि घटाघटा प्यायली. दत्ताराम असा खूश झाला की दोनदा पैसे देऊन बसला.

खुर्ची ढकलत, भेटेल त्याच्याशी बोलत दोघं देवळापर्यंत आले, तोवर सरबताने आपलं काम केलं होतं. तुळसाने त्याची बाही ओढली. आधी तिकडे जाऊ, मग ओटी भरू, असं ठरलं. दत्ताराम ऐटीत उतारावरून खुर्ची चढवत गेला, दार ढकललं आणि तिथेच थिजला.

आतल्या बाकावर दशावताराच्या कंपनीचा पेटारा होता. दांड्यांवर राजाचे शेले नि राणीची लुगडी वाळत टाकल्यासारखी लटकत होती. आरशापुढे कंपनीचा गुरुप्रसाद, आजच्या नाटकातली राणी, अर्ध्या चेहऱ्याला रंग लावून बसला होता. आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर गणपतीचा मुखवटा, त्याला जास्वंदीचा हार, पुढे समई आणि उदबत्ती. पूजा साग्रसंगीत आटोपली होती.

"ह्यां काय केलास?" दत्तारामने विचारलं.

गुरुप्रसादने हात जोडले. दरवर्षी कुणाच्या तरी गोठ्यात तोंड रंगवायचं, पेटारे खांद्यावरून चढवायचे. यंदा बघतो तर उतार, आरसा, लख्ख दिवा, आणि देवासाठी चादर घातलेला चौरंगसुद्धा! त्याचे डोळे भरून आले होते. "आमका वाटला, गावान कंपनीसाठीच बांधल्यानी."

चौरंगाखाली काय आहे ते दत्तारामने त्याच्या कानात सांगितलं. रंगवलेला अर्धा चेहरा तसाच राहिला, उरलेला अर्धा पांढरा पडला.

मग काय, धावपळ! किशोरी आली, देवस्थानचे मानकरी लवू गावकर आले, त्यांच्यामागून अर्धी जत्रा आली. देवाला उचला म्हणावं, तर ह्या कंपनीचा शिरस्ता असा की एकदा पूजा झाली की नाटक संपेपर्यंत गणपती जागचा हलवायचा नाही. आणि नाटक संपायचं पहाटे. किशोरी म्हणाली, "काका, बोर्ड लावूक तुमीच नको म्हणालास."  दत्तारामला कोणाचा राग येत नव्हता. खुर्चीत बसलेली तुळसा ओठ घट्ट मिटून समोर पाहत होती, त्याच्याकडे नाही. भरवशावर प्यायलेलं सरबत, आणि भरवसा असा तोंडघशी पडलेला.

लवू गावकरांनी डोळे मिटून विचार केला. "कोणी वापरूक नाय मां अजून? मग तां नुसता भांडा. देवाक काय बाधा नाय." पण देवाला उठवायचं तर रीतसर गाऱ्हाणं घालायला हवं, सगळ्या देवांना हाका मारून साकडं घालायला हवं, असा त्यांनी निर्णय दिला. सगळ्यांना पटलं. अडचण एवढीच होती की लवूंचं गाऱ्हाणं पंचक्रोशीत लांबीसाठी प्रसिद्ध होतं.

त्यांनी सुरुवात केली. बारा गावच्या देवांना बोलावलं, वेशीवरच्यांना बोलावलं, ओहळाकाठच्यांना बोलावलं. प्रत्येकागणिक लोक "व्हय म्हाराजा!" म्हणत होते. लवूंच्या छातीला जत्रेच्या घोषणांसाठी लावलेला माईक चालूच होता, त्यामुळे देवळापुढची सगळी जत्राही कर्ण्यावरून ऐकून ओ देऊ लागली. लवू समुद्राकडच्या देवांपर्यंत आले तशी तुळसाने खुर्चीच्या हातावर चापट मारली.

"लवूदा, थांब. तुझा गाऱ्हाणा संपापर्यंत माझा संपात."

आणि बाईमाणसाने कधी घातलं नसेल असं गाऱ्हाणं तिने स्वतः घातलं. डावा हात कपाळाला लावून, मुखवट्याकडे पाहत, लवूंच्या माईकच्या अगदी पुढ्यात.

"बा देवा म्हाराजा! तुका न्हेवक उंदीर आसा, माका ह्यो एक ड्रायवर. तेना ही खोली माझ्यासाठी बांधून घेतल्यान. माका घाई आसा. वायच सर!"

 मग देवळामागून, देवळापुढून, खाज्याच्या दुकानांतून, आकाशपाळण्यातून एकच आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

दत्तारामला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बायकोची लाज राखायला बोर्ड लावू दिला नाही, आणि आता तिची घाई दहा कर्ण्यांवरून गावाला कळली होती. त्याने घाबरत तिच्याकडे पाहिलं. तुळसा हसत होती. तीन वर्षांत हसली नव्हती तशी, पदर तोंडाला लावून, खुर्ची हलेपर्यंत.

गुरुप्रसादने गणपती उचलून डोक्यावर घेतला आणि देवळात नेला. पोरांनी खोका काढला. राणी परत येऊन दाराबाहेर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "भायर मी आसंय," ती म्हणाली. "राणीच्या समोरसून कोण जायत?"

कोणी गेलं नाही. छत्रीही कोणी उगारली नाही.

मग तुळसाने डाव्या हाताने स्वतः देवीची ओटी भरली. बाहेर येऊन पाहते तर खोलीपुढे रांग! कर्ण्याने बोर्डाचं काम चोख केलं होतं. म्हातारी हौसाबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आली होती. गावातलीच नर्मदा तर धावत घरी जाऊन आपल्या चाळिशीच्या मुलाला, देवेशला, खुर्चीतून घेऊन आली. देवेशने जत्रा लहानपणी पाहिली होती, त्यानंतर आजच. तो पाळण्याकडे बोट दाखवून मोठमोठ्याने हसत होता, आणि नर्मदा डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती की तो पाळण्याला हसतोय.

दत्तारामने शब्दाप्रमाणे दुसरा पेला तुळसाच्या हाती दिला. आणि तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं की बायकोच्या काळजीत आपण सकाळपासून गेलेलोच नाही! त्याने सवयीने झाड शोधलं. प्रत्येक झाडाखाली दुकान होतं, आणि दुकानात दिवे. तो निमूट रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

त्याचा नंबर आला तेव्हा राणीने त्याच्या मागेपुढे पाहिलं. ही खोली सोबत लागणाऱ्यांची, असं किशोरीने तिला बजावलं होतं.

"काका, कोणाक घेवन इलास?"

दत्तारामने मागे वळून पाहिलं. मागून तुळसाने रिकामा पेला खाली ठेवला.

"ते नाय," ती म्हणाली. "मी इलंय ह्यांका घेवन. सोड वायच."