पाखऱ्याला दसऱ्याचा हार

दसऱ्याच्या सकाळी करावे गावात धर्मराज तांडेलांचा घोडा कड्यावरून पडून मेला. त्या वेळी धर्मराज जुईनगरला त्याच घोड्यासाठी झेंडूचा हार घ्यायला गेले होते.

घोडा टीव्हीतला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण ही गोष्ट तांडेलांच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. मागं एकदा सून प्रिया सहज म्हणून गेली, "बाबा, तो काय खरा आहे थोडीच!" तर धर्मराज दोन दिवस तिच्या हातचा चहा प्यायले नाहीत.

आता माणूस असा का वागतो, तर त्याला कारण होतं. धर्मराज एके काळचे शर्यतीवाले. पाखऱ्या नावाचा त्यांचा बैल छकड्याला जुंपला की अख्खं करावे गाव बांधावर उभं राहायचं. पुढं शेती गेली, शेतीच्या जागी रस्ते आले, गावात तांडेलांची तीन मजली बिल्डिंग झाली. खालच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, वर हे. भाडं वेळेवर यायचं, पण बैल गेले ते गेलेच. गावभर फिरणारा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून भाडेकरूंच्या स्कूटर मोजत बसला. मुलगा रूपेश महापेला कॉम्प्युटर कंपनीत. तो घरी आला की धर्मराज विचारायचे, "जेवलास?" तो म्हणायचा, "हो." झालं, बापलेकाचं दिवसभराचं बोलणं संपलं.

मग रूपेशनं तो गेम आणला. जुन्या अमेरिकेतला. डोक्यावर हॅट, कमरेला दोन पिस्तुलं, बुडाखाली घोडा, आणि समोर डोंगर, नद्या, वाळवंट, बर्फ. कुठंही जा, काहीही कर, कोणी विचारणार नाही. रूपेश पहिल्याच रविवारी दरोडेखोरांच्या मागं सुसाट निघाला, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"आरं, किती दामटशील त्याला? तोंडाला फेस आलाय! पयलं पानी दाव!"

त्या दिवशी जॉयस्टिक धर्मराजांच्या हातात गेली ती परत आलीच नाही. ते तिला 'लगाम' म्हणत. गेममध्ये दरोडे होते, वैरं होती, बदला घ्यायचा होता. धर्मराजांनी त्यातल्या कशातच लक्ष घातलं नाही. त्यांचा तो पिस्तुलवाला गडी सकाळ-संध्याकाळ घोड्याला खरारा करी, गाजरं चारी आणि नदीवर नेऊन धूत बसे. बदला घ्यायचा होता ते लोक बिचारे वाट बघून कंटाळले असतील. रूपेशनं पकडलेला तो तपकिरी घोडा, कपाळावर पांढरा पट्टा, पुढचा एक पाय पांढरा. धर्मराजांनी त्याचं नाव ठेवलं पाखऱ्या. आता रूपेश ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "काय म्हणतोय पाखऱ्या?" आणि धर्मराज जे सुरू व्हायचे ते भात गार होईपर्यंत थांबायचे नाहीत. पितृपक्षात पाखऱ्या तीन-चार दिवस रुसल्यासारखा वागत होता, अंगाला हात लावू देत नव्हता. तर त्यांनी पुतळाबाईंकडून मीठ-मिरच्या मागून घेतल्या आणि टीव्हीची दृष्ट काढली. त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला ठसका लागला.

सांगायचं म्हणजे, घोडा टीव्हीतला असला तरी घर त्याच्यावर चाललं होतं.

त्यात धनाजीची भर पडली. धनाजी जुईनगरचा, धर्मराजांचा शर्यतीतला जुना वैरी आणि आताचा एकुलता एक मित्र. त्याला पाखऱ्याची हकिकत कळली तेव्हा तो खो-खो हसला. "टीव्हीतला घोडा? आता भावल्या पन खेळ!" धर्मराजांना ते फार लागलं. "दसऱ्याला घरी ये," ते म्हणाले. "पाखऱ्याची पूजा करतो नि तुज्या डोळ्यांसमोर पळवतो. मंग बोल."

आणि आज तोच दसरा होता. धर्मराज धनाजीला आणायला आणि हार घ्यायला गेले. रूपेशला सुट्टी.

"रूपेश, पाखऱ्याचा एक फोटो काढू ना," प्रिया म्हणाली. सासूबाई समोर असल्या की 'अहो', नसल्या की 'रूपेश'. "स्टेटसला टाकते. पाखऱ्याकडून सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा!"

रूपेशनं घोडा एका उंच कड्यावर नेला. मागं दरी, दरीत नदी, झकास देखावा.

"थोडा मागं घे," प्रिया मोबाईल धरून म्हणाली. "अजून थोडा. आभाळ येत नाहीये. अजून..."

आभाळ आलं. घोडा गेला.

रूपेशचा गडी कड्यावरच्या झुडपात अडकून वाचला. खाली दगडांवर पाखऱ्या निपचित पडला होता. खेळाचा नियमच असा, की घोडा मेला की मेला. कायमचा.

स्वयंपाकघरातून पुतळाबाई धावत आल्या. "काय झालं? कोन वरडलं?"

"आई, पाखऱ्या..." रूपेशनं टीव्हीकडं बोट दाखवलं.

पुतळाबाईंनी टीव्हीकडं पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसल्या. "आगं बाई! आज? सनाच्या दिवशी?"

"अहो, मागचा खेळ सेव्ह केलेला असेल ना कुठंतरी?" प्रियानं विचारलं.

"बाबांनी जुनी सेव्ह सगळी उडवली. म्हणाले, मागच्या गोष्टी साठवून काय करायच्यात. एकच ठेवलं होतं, आणि त्याच्यावरच आत्ता आपोआप नवीन सेव्ह झालं. घोडा मेल्यावर!"

रूपेशनं कपाळाला हात लावला. त्याला घोड्याचं एवढं नव्हतं. पण बाबा धनाजीकाकांसमोर उघडे पडणार, आणि उद्यापासून परत ती गॅलरीतली खुर्ची, परत ते "जेवलास?" आणि "हो".

"तसाच दुसरा शोधायचा," तो म्हणाला. "तपकिरी, कपाळावर पट्टा, एक पाय पांढरा. एवढी मोठी अमेरिका आहे, असेल कुठंतरी."

मग सुरू झाली धावपळ. आधी चालत, कारण घोडा नाही. प्रिया म्हणाली, स्टेशनावर कोणाचातरी घोडा बांधलेला असेल, तो घेऊ. घोडा होता. पण तो सोडताना रूपेशच्या घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि त्याच्या गड्यानं शेजारच्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत दिली. शिट्या वाजल्या, शेरीफ आला, गडी गजाआड.

तेवढ्यात फोन वाजला. धर्मराज.

"पाखऱ्याला खरारा केलास ना? हार घेतलाय. धनाजी जिलबी बांधून घेतोय."

"हो बाबा, चकाचक आहे," रूपेश तुरुंगातून म्हणाला.

सुटका झाली तशी तो उत्तरेला निघाला. तिथं बर्फ. बर्फात एक घोडा दिसला, पण तो पांढरा, आणि त्याच्या मागं लांडगे. लांडग्यांनी घोडा सोडला आणि रूपेशला धरलं. मग तो वाळवंटात गेला. तिथं घोडे होते, पण सगळे ठिपक्याठिपक्यांचे. फोन परत वाजला.

"रिक्षात बसलो. उरन फाट्याला ट्राफिक हाय."

"सावकाश या बाबा! सणाची गर्दी असते!"

पुतळाबाईंना राहवेना. "काय वाळवंटात धूळ खाताय दोगं! लाकडाचा पूल हाय ना, त्याच्या पल्याड तळं हाय. तिथं चरतात असले."

रूपेशनं वळून पाहिलं. "तुला काय माहीत?"

"दिवसभर घरात तेच लावलेलं असतं! मी काय डोळे मिटून भाकऱ्या थापते? जा गुमान. आनि समोरून नको जाऊ, बिचकतात. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं जा."

तळ्यापाशी खरंच कळप होता. त्यात तपकिरी एक होता, कपाळावर पट्टाही होता. पाय मात्र दोन पांढरे होते.

"चिखलात उभा करायचा," प्रिया म्हणाली. "एक पाय दिसणारच नाही."

रूपेशनं दोर फेकला. घोडा उधळला. परत फेकला, परत उधळला. शेवटी कसाबसा वश झाला. गावात नेऊन त्याला पाखऱ्याचं नाव दिलं, पाखऱ्याचं खोगीर चढवलं आणि तळ्याकाठच्या चिखलात आणून उभा केला. तेवढ्यात जिन्यावर धनाजीचा आवाज आला.

धर्मराज नवा सदरा घालून आले होते. त्यांनी टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात हार अडकवला, आपट्याची पानं खाली ठेवली. पुतळाबाईंनी निरांजन लावून टीव्हीला ओवाळलं. धर्मराजांनी पडद्यावर घोड्याच्या कपाळाला बरोबर बोटभर कुंकू लावलं. घोडा हलला, तेव्हा कुंकू शेपटीवर आलं. धनाजी मिशीतल्या मिशीत हसत होता.

"झाली पूजा? आता पळव."

धर्मराजांनी लगाम हातात घेतला, जीभ टाळूला लावून 'टॉक टॉक' केलं आणि बटण दाबलं. घोडा दोन पावलं चालला, थबकला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्यानं धर्मराजांच्या गड्याला उचलून तळ्यात फेकलं. हॅट तरंगत राहिली.

धनाजी हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. "वा रं धर्मा! मालकालाच आंगोळ!"

धर्मराजांचा चेहरा उतरला. लगाम हातात तसाच राहिला. ते रूपेशला बघवेना.

"बाबा, तुमची चूक नाही," तो एकदम म्हणाला. "हा पाखऱ्या नाही. पाखऱ्या सकाळी मेला. मीच कड्यावरून पाडला. हा नवीन आहे, म्हणून ओळखत नाही तुम्हाला. तुम्ही घोड्याबद्दल किती छान बोलता माझ्याशी... म्हटलं, कळलं तर ते पण बंद होईल."

धर्मराजांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर जे आलं तो राग नव्हता. डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर माणूस जसा दिसतो, तसे ते दिसले.

"सकाळी मेला?" त्यांनी हळूच विचारलं. "नक्की तू मारलास?"

"हो बाबा."

"मंग बरं झालं." ते सोफ्यावर टेकले. "रूपेश, रागावू नको. तुजा पाखऱ्या गनपतीतच गेला. मी बुडवला. मला वाटलं खाडीसारखं गुडघाभर पानी असंल, घातला आत. तो गेला वाहून. तू हौसेनं आनलेलं जनावर, तुला काय तोंड दावू? तू रोज आल्या-आल्या इचारायचास, काय म्हनतोय पाखऱ्या. माज्याशी बोलायचास. म्हनून गुपचूप तसाच दुसरा धरून आनला."

बापलेक एकमेकांकडं बघत राहिले. प्रियानं पदर तोंडाला लावला होता, हसू आवरायला की रडू, तिचं तिला ठाऊक.

निरांजन हातात घेऊन उभ्या असलेल्या पुतळाबाई मात्र गोंधळल्या होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या एकदा टीव्हीकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत होत्या.

"गनपतीत गेला?" त्या म्हणाल्या. "मंग पितरांत तुमी दुपारचे झोपला असताना मी आगगाडीखाली घातला, तो कोन व्हता?"

धर्मराज तोंड उघडं टाकून चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडं बघत होते. ज्या बाईनं त्यांना दृष्टीच्या मिरच्या मोजून दिल्या होत्या, तीच ही. टीव्हीत झेंडूच्या हाराखाली चौथा पाखऱ्या शांतपणे गवत खात होता.

धनाजीचं हसू केव्हाच थांबलं होतं. तो उठला, धर्मराजांच्या हातातून लगाम काढून घेतला आणि पुतळाबाईंच्या हातातलं निरांजन घेऊन त्या जागी तो लगाम ठेवला.

"वैनी, या घरात घोड्याची हौस असलेलं मानूस तुमीच दिसताय. आता तुमीच पळवा."

पुतळाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पदर खोचला आणि सोफ्याच्या मधोमध बसल्या. आधी घोड्याला गाजर दिलं, मान थोपटली, मग हलकेच वर चढल्या. घोडा मुकाट्यानं चालू लागला, आणि मग दौडू लागला.

धर्मराज सरकून त्यांच्या शेजारी बसले. अगदी हळू आवाजात म्हणाले,

"जपून. पुढं रूळ हायेत."