मंजुरीआधीचा नारळ

चंपतराव ढोबळे क्लबचे अध्यक्ष झाले, त्या दिवशीच त्यांनी जाहीर करून टाकलं की आपल्या वर्षात अनुदान आणून दाखवतो. नंदनवन वस्तीतल्या या सेवा क्लबला बारा वर्षांत एकदाही अनुदान मिळालं नव्हतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो हे पहिली नऊ वर्षं कोणाला ठाऊकच नव्हतं, आणि उरलेली तीन वर्षं तो कोणी लिहायचा यावर चर्चा चालली होती.

चंपतराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. "अख्खा बॉयलर सांभाळला गा आपण. एक अर्ज काय चीज आहे?" असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. त्यांच्या पत्नी मायाताई तेवढ्या गप्प बसल्या. घरातला गळका नळ संक्रांतीपासून या कर्तबगार माणसाची वाट बघत होता.

आता अर्ज करायचा तर आधी क्लबला पात्र व्हावं लागतं. दोन सभासदांनी दिवसभराचं शिबिर करायचं, मग आजी आणि भावी अशा दोन्ही अध्यक्षांनी करारावर सह्या करायच्या. शिबिराला चंपतराव आणि क्लबच्या सचिव सरिता गजभिये असे दोघं गेले. सरिताताई शाळेत मुख्याध्यापिका, त्यांनी वहीभर टिपणं काढली. चंपतरावांनी दुपारी वडाभात, पाटवडी आणि दोन वाट्या श्रीखंड घेतलं आणि जेवणानंतरचं सत्र डोळे मिटून ऐकलं. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा ते दचकून जागे झाले. कराराच्या वेळी भावी अध्यक्ष ताराचंद पाचही पानं वाचत बसला, तेव्हा चंपतरावांना त्याची कीव आली. पात्रतेचं प्रमाणपत्र आलं, ते त्यांनी फ्रेम करून घरच्या बैठकीत लावलं.

पुढचा नियम असा, की लोकांना काय हवं ते लोकांनाच विचारायचं. हा नियम चंपतरावांना थोडा अपमानास्पद वाटला.

"त्याच्यात इचाराचं काय? वॉटर कूलर देऊन टाकू."

"विचारावंच लागते, चंपतभाऊ," सरिताताई म्हणाल्या. "फॉर्ममध्ये रकाना आहे."

म्हणून दोघं कळमन्याच्या रस्त्यावरच्या एका मिरचीच्या शेडात गेले. तिथं चाळीसेक बाया दिवसभर बसून मिरच्यांचे देठ खुडतात. दाराशी दोन वॉटर कूलर आधीच उभे होते. एकावर एका क्लबचं नाव, दुसऱ्यावर दुसऱ्याचं. दोन्ही चालू होते आणि दोन्हींजवळ चिटपाखरू नव्हतं.

"पाणी काहून पेत नाही तुम्ही?" चंपतरावांनी विचारलं.

उत्तर मीराबाईंनी दिलं. पंचावन्नच्या घरातल्या, बायांमध्ये सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात सरळ बोलणाऱ्या. "पेलं तं जाव कुठी, भाऊ? इथं बायांसाठी संडास नाही. सकाळी घरून निंगतो, ते संध्याकाळपावतर कोणी घोट घेत नाही. मिरचीत बसून. दोनदा दवाखान्यात भरती झाली मी याच्यापायी."

चंपतरावांनी त्या दोन गारेगार कूलरांकडे पाहिलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. "दिवाळीच्या आंधी संडास उभा करून देतो," ते म्हणाले. "शब्द आहे आपला." शेडमालकाने जागा दिली, सरिताताईंनी अर्ज लिहिला, मे महिन्यात तो अनुदान समितीकडे गेला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सरिताताई लेकीकडे पुण्याला गेल्या.

इथून चंपतरावांनी कारभार स्वतःच्या हातात घेतला. तीस जूनला त्यांचं वर्ष संपणार होतं. समितीचा निर्णय आला नव्हता आणि पंचांगातले चांगले मुहूर्त भराभर चालले होते. मुख्य म्हणजे नारळ फोडल्याशिवाय कोणतंही काम जागचं हलत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. बॉयलरलाही ते दर दसऱ्याला नारळ फोडत आले होते आणि बॉयलरने कधी तक्रार केली नव्हती.

तर बारा जूनला भूमिपूजन झालं. 'महिला स्वच्छतागृह भूमिपूजन' असं लिहिलेला दहा फुटी फलक लागला, त्यावर चंपतरावांचा फोटो 'स्वच्छतागृह' या शब्दापेक्षा मोठा होता. पाच कुदळी मारून दीड फुटाचा खड्डा केला. पेढे वाटले. पेपरात बातमी आली. समितीलाही आनंद व्हावा म्हणून चंपतरावांनी ते कात्रण स्वतः मेलने पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मंजुरीपूर्वी सुरू झालेल्या कामास अनुदान देय नाही. आपण काम सुरू केल्याचे आपणच कळवले आहे. अर्ज का फेटाळू नये? समितीचे सदस्य जागेची पाहणी करतील.

सरिताताई मिळेल त्या गाडीने परत आल्या. "अहो, हाच तर मुख्य नियम होता. जेवणानंतरचं अख्खं सत्र त्याच्यावर होतं."

"हाव का?" चंपतराव म्हणाले, आणि श्रीखंडाची दुसरी वाटी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. अनुदान गेलं तर ताराचंद हसेल, त्याचं फारसं काही नव्हतं. पण त्या चाळीस बाया पुन्हा कोरड्या घशाने बसणार होत्या आणि कारण आपण होतो. पहाटे त्यांना एक युक्ती सुचली, आणि चंपतरावांना पहाटे युक्ती सुचली की मायाताई सहसा माहेरी जात. पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या खड्ड्यात कडुलिंबाचं रोप लावलं. भूमिपूजन नव्हतंच, वृक्षारोपण होतं, असं सांगायचं. मीराबाईंनाही तसं बजावून ठेवलं.

"लबाड नाही बोलत मी," मीराबाई म्हणाल्या आणि पुन्हा देठ खुडायला लागल्या.

समितीकडून ऋषिकेश नावाचा एक तरुण गृहस्थ आला. आवाज मऊ, हातात फाईल. त्याने रोप पाहिलं, मग कात्रण पाहिलं.

"फलकावर तर स्वच्छतागृह लिहिलं आहे."

"सावलीसाठी," चंपतराव म्हणाले. "म्हणजे, पुढं झालंच तं, त्याले सावली पाह्यजे न साहेब."

ऋषिकेश मीराबाईंकडे वळला. "मावशी, इथं काम सुरू झालंय का?"

"काम?" मीराबाईंनी हातातली मिरची खाली ठेवली. "कोणाचं काम? आले, नारळ फोडला, पेढे खाल्ले, फोटू काढला अन् गेले. एक इट नाही आली आजवर. कुदळ बी आमच्याच शेडातली नेली, ते वापस नाही आणली. अन् हे झाड काल लावलं, त्याले पाणी बी मीच टाकलं."

धरणीने पोटात घ्यावं असं चंपतरावांना वाटलं, पण खड्डा दीडच फुटाचा होता आणि त्यातही लिंब होता. त्यांनी टोपी काढली.

"साहेब, चूक माझी आहे. खोटंही मीच बोललो. शिबिरात जेवण झाल्यावर मले डोळा लागला, नियम ऐकलाच नाही. मले काय बोलाचं ते बोला, पण या बायाले सजा नोका देऊ."

"मला आठवतंय," ऋषिकेश म्हणाला. "दुसरी रांग, खिडकीजवळ. ते सत्र मीच घेत होतो."

मग सरिताताईंनी मुख्याध्यापिकेच्या शांतपणाने विचारलं, "साहेब, मीराबाई म्हणतात त्याचा अर्थ, काम सुरूच झालेलं नाही. असंच ना?"

ऋषिकेशने पुन्हा खड्ड्यात वाकून पाहिलं. मग मीराबाईंचं म्हणणं त्याने शब्दाला शब्द लिहून घेतलं, कुदळीसकट, आणि त्याखाली त्यांची सही घेतली.

ऑगस्टमध्ये मंजुरी आली. तोवर ताराचंद अध्यक्ष झाला होता, त्यामुळे दिवाळीआधी स्वच्छतागृह उघडलं तेव्हा पाटीवर त्याचं नाव होतं. लिंबाने मूळ धरलं होतं, म्हणून बांधकाम सहा फूट सरकवावं लागलं. नारळ मीराबाईंच्या हातून फोडवला. चंपतरावांच्या हातात तो जाऊ नये म्हणून सरिताताई शेवटपर्यंत मध्ये उभ्या होत्या. कार्यक्रम आटोपल्यावर मीराबाई कूलरकडे गेल्या आणि एकामागून एक दोन गिलास पाणी प्यायल्या. चंपतराव बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, आणि मिरचीच्या शेडात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी येऊन त्यांनी मंजुरीचं पत्र फ्रेम केलं आणि पात्रतेच्या प्रमाणपत्राशेजारी लावलं. काही झालं तरी अनुदान त्यांच्याच वर्षातल्या अर्जाचं होतं. मायाताईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "तत्कालीन अध्यक्ष श्री. चंपतराव ढोबळे यांनी प्रत्यक्षात कोणतेही काम केलेले नाही, याबद्दल समितीची पूर्ण खात्री पटली आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाखालची भरलेली बादली बदलली.

"समितीले एका दिवसात पटलं," त्या आतून म्हणाल्या. "मी तं चाळीस वर्षांपासून सांगून राहिली."