सटवाजीनं जीप उंच का केली

जीप घ्यायची की नाही, यावर कुरुंद्याच्या सटवाजीच्या घरात आठ दिवस खल चालला आणि तो शालूबाईच्या एका शब्दानं संपला. त्या घरात बोलायचा हक्क सगळ्यांना होता, शेवटचं बोलायचा फक्त शालूबाईला.

जीप पाहिजे होती भागवतला, म्हणजे त्यांच्या पोराला. जुनीच, पण चारही चाकं ओढणारी. खरं कारण त्याच्या मोबाइलात होतं. डोंगर चढणाऱ्या जीपा बघत बघत तो जेवायचा आणि पानात भाजी संपली की भाकर नुसतीच खायचा, इतका त्यात बुडालेला. पण असलं कारण बापापुढं टिकणारं नव्हतं. सटवाजी म्हणजे तुटलेल्या चपलेला तार बांधून दोन उन्हाळे काढणारा माणूस. ट्रॅक्टर हाय की, एवढंच तो म्हणाला. तेव्हा भागवतनं हुशारी केली, आणि घोटाळा झाला तो इथंच. तो म्हणाला, जीप मला नकोच, मायला पाहिजे.

आता हे अगदी खोटंही नव्हतं. शालूबाईचे गुडघे गेले त्याला तिसरं वर्ष चालू होतं. रान ओढ्यापलीकडं, मधे पांदणीची अरुंद वाट, आणि पांदणीत पावसाळाभर मांडीएवढा काळा चिखल. ट्रॅक्टरवर तिला बसता येत नव्हतं. ट्रॉलीत बसवावं, तर हिसका बसता कामा नये असं वसमतच्या डॉक्टरनं बजावलेलं. एवढ्या दिवसांत बाईनं स्वतःचं रान पाहिलं नव्हतं. त्या रानात तिचं आंब्याचं झाड होतं. लग्नाच्या दुसऱ्या साली तिनं कोय पुरली होती आणि चार उन्हाळे डोक्यावर घागर वाहून ते जगवलं होतं. पोराच्या आधी ती झाडाची खुशाली विचारायची.

"मऊ गाडी आणतो, माय. नेऊन आंब्यापाशी उभी करतो का न्हाई बघ," भागवत म्हणाला.

"घ्या," शालूबाई म्हणाली.

सटवाजी ताटावरून उठला. सकाळी त्यानं पोराला गोठ्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "आंबा कुठून दाखवतू?"

भागवतच्या हातातली वैरण खाली पडली. जीपेच्या नादात ही गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ गेली होती.

कारण झाड नव्हतंच. हळद शिजवायच्या ऐन वेळी एका साली अवकाळी पाऊस झाला होता. सगळं जळतण भिजलं, हळदीचा कुकर थंड पडला, आणि उपटलेली हळद ढिगानं पडून राहिली. लाकूडवाला म्हणाला, तो आंबा द्या, दोन ट्रॉल्या वाळकं सरपण टाकतो. सटवाजीनं अर्धा तास विचार केला आणि हो म्हणाला. हळद वाचली. शालूबाई तेव्हा नुकतीच गुडघ्यानं अंथरुणाला खिळलेली. आज सांगू, उद्या सांगू करता करता मे महिना उजाडला आणि ती म्हणाली, आंबे उतरवले का? सटवाजी वारंगा फाट्यावर गेला, हातगाड्यावरून आंबे घेतले, त्यांच्यावरची गोल लेबलं नखानं खरवडली, रानातल्या पोत्यात भरले आणि वर आंब्याचे दोन डहाळे टाकले. पुढच्या साली तेच, त्याच्या पुढच्या साली तेच. एकदा शालूबाई म्हणाली की औंदा चव बदलली वाटतं. खत बदललं, सटवाजी म्हणाला.

आता जीप नको म्हणावं तर ती 'काहून' विचारणार. सटवाजीनं गोठ्यात उभ्या उभ्या तोड काढली.

"गाडी घे तू. पण तुज्या मायला चढता येणार न्हाई अशी घे."

भागवत चमकला. उंच गाडी, मोठाले टायर, हे तर त्याला स्वप्नात दिसून राहिलं होतं. जन्मल्यापासून पहिल्यांदा बापलेकाचं एकमत झालं.

जीप मिळाली, आणि दोघं ती घेऊन वारंगा फाट्यावर वसराम मिस्त्रीकडं गेले. वसराम कमी बोलणारा आणि इमानदार, म्हणून त्याच्याकडं रांग असायची. त्यानं जीपेखाली डोकं घालून सगळं पाहिलं, बाहेर आला, आणि गाडी कुठं चालवायची ते विचारलं. मग हात पुसत त्यानं सांगितलं की पहिलीच गाडी आहे तर उगीच थाट करू नका. आधी टायर ठरवा, मग त्या टायरला लागेल तेवढीच उंची करा. काळ्या रानात बारीक टायर बरा, तो चिखल कापून खालची कडक भुई धरतो. रुंद टायर नुसता चिखल गोळा करत फिरतो. चाकाची डिस्क लोखंडी घ्या, वाकली तर हातोड्यानं सरळ होते. उंची चार बोटं वाढली की पुरे.

"अन् जास्तीत जास्त?" सटवाजीनं विचारलं.

वसरामनं त्याच्या तार बांधलेल्या चपलेकडं पाहिलं. गिऱ्हाईक प्रत्येक गोष्ट खाली ओढतं, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव. वर ओढणारं हे पहिलंच.

"काका, बसणार कोण हाये गाडीत?"

"मंडळी. गुडघे अधू हायेत तिचे."

वसरामनं पाना खाली ठेवला. "मग तर खालीच पाहिजे की."

"न्हाई न्हाई. तिला उंचावर बसायची लै हौस हाय."

भागवतनं मोबाइलात बघून सगळ्यात रुंद, बोटबोट गोट्यांचे टायर निवडले आणि चकचकीत डिस्का घेतल्या. सटवाजीनं स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालायला लावले. वसरामनं सांगितलं तसं केलं. फक्त गुडघ्याचं ऐकलं म्हणून, कुणी न सांगता, त्यानं पाट्यांचा एकेक जाड पत्ता, म्हणजे पोलादी पट्टी, कमी करून हिसके गिळणारे चांगले शॉकअप बसवले. अशानं गाडी उंच असली तरी पाळण्यागत मऊ चालते, हे त्यानं कुणाला सांगितलंही नाही.

जीप दारात आली तेव्हा शालूबाई ओट्यावर तेलाच्या डब्यातल्या रोपाला पाणी घालत होती. ते कसलं रोप, हे सटवाजीनं कधी विचारलं नव्हतं. ती काठी टेकत उतरली, जीपेला एक फेरी घातली. गाडीचा तळ तिच्या कमरेला लागत होता. सून पुनमनं स्टूल आणलं. शालूबाईचा पाय स्टुलावर गेला, पण गुडघा त्यापुढं वाकेना. सटवाजीनं इतकं हळहळून च्च् च्च् केलं की दावणीची म्हैस मान वळवून बघायला लागली.

"पुनम, बाज आण," शालूबाई म्हणाली.

बाज लावली. बाजेवर बसून, सरकत सरकत, पुनमच्या खांद्याला धरून ती सीटपासून वीतभर अंतरावर पोचली. तिथं दम लागला म्हणून थांबली आणि म्हणाली की उद्या बाजेखाली दोन विटा लावू, काम होतंय.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या सटवाजी भागवतला घेऊन पुन्हा वसरामच्या दारात हजर. उंची कमी पडून राहिली, म्हणाला. वसराम म्हणाला, काका, आता वर केली तर वळणावर आडवी होईल, आणि त्याचं पाप माझ्या डोक्यावर. शेवटी घासाघीस होऊन आणखी दोन बोटं वाढली आणि टायर एका मापानं मोठे झाले. गाडी तयार झाली, तर सटवाजीलाच तिच्यात चढता येईना. वसरामनं खालून ढकललं, भागवतनं वरून ओढलं. घरी आल्यावर उतरायची पंचाईत. भुई लांब दिसायला लागली, आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस दांड्याला धरून तसाच वर बसून राहिला. पुनमनं चहाचा कप हात उंचावून वर दिला.

"बसा निवांत," शालूबाई ओट्यावरून म्हणाली.

तेवढ्यात मसाजी आला. मसाजी शेजारचा, मेंढरं पाळणारा. त्यानं वर बसलेल्या सटवाजीकडं पाहिलं, खाली ठेवलेल्या बाजेकडं पाहिलं, आणि काय चाललंय ते पुनमला विचारून घेतलं. मग म्हणाला, "मेंढरू कधी टेम्पोत उडी मारतं व्हय? आमी टेम्पो घळीत लावतो, ओढ्यापाशी. दरडीवरून मेंढरं सरळ चालत आत. मेंढराला चढवायचंच न्हाई, टेम्पोला उतरवायचं."

माणसात आणि मेंढरात काही फरक असतो, असं सटवाजी वरून म्हणाला. शालूबाई काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे ठरलं, हे सटवाजीला संसारात कळलेलं होतं, पण त्या घडीला तो उतरायच्या काळजीत होता.

सकाळी शालूबाई घरात नव्हती. पुनमचा हात धरून, पावलापावलानं, ती घरामागच्या दरडीवर जाऊन उभी होती. एका हातात काठी, पुनमच्या कडेवर तेलाचा डबा. भागवतनं जीप दरडीखालच्या घळीत लावली. दरडीची कड आणि जीपेचा तळ अगदी बराबर आले. चार बोटंच उंची वाढवली असती तर जीप खाली राहिली असती. शालूबाई उंबरा ओलांडावा तशी आत गेली, सीटवर बसली, पुनमनं दिलेला डबा पायाशी ठेवला, काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, चला. सटवाजीही दरडीवरूनच चढला.

आता एकच आशा होती, ती म्हणजे चिखल. पांदण लागली आणि सटवाजी मनातल्या मनात म्हसोबाला साकडं घालायला लागला की गाडी रुतू दे. म्हसोबानं ऐकलं असं वाटलं खरं. रुंद टायर चिखल गोळा करायला लागले, चाकं रांजणागत फुगली, जीप एकदा डावीकडं घसरली, एकदा उजवीकडं. पण भागवतनं खालचा गिअर टाकला आणि ती गुरगुरत, सावकाश पार झाली. तांब्यातलं थेंबभरही पाणी सांडलं नव्हतं. सटवाजीनं वसरामला मनात दोन शिव्या दिल्या. इमानदार मिस्त्री गाठला की असं होतं.

रान आलं. हळद मांडीएवढी झालेली, हिरवीगार. आणि बांधाच्या कडेला, जिथं आंबा होता, तिथं नुसतं खोड, वर काळं पडलेलं.

भागवत उतरून टायर बघायला लागला. टायरला काही झालेलं नव्हतं, पण तो वाकून बघतच राहिला. सटवाजी दांडा धरून, लोंबकळत कसाबसा खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि तोंड वर करून उभा राहिला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. घागरी त्यानंही मोजल्या होत्या. पाऊस, भिजलेलं जळतण, लाकूडवाला, सगळं त्यानं खालूनच सांगितलं.

"ठावं हाय," शालूबाई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"झाडानंच. पयल्या साली केशर दिला, दुसऱ्या साली बदाम, औंदा तोतापुरी. इतकं गुणी झाड म्या तरी कुठं पाह्यलं न्हाई."

सटवाजीनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मग बोलली काहून न्हाईस?"

"लै राग आला व्हता पयल्यांदा. दोन दिवस जेवले न्हाई, गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. मग वाटलं, चपलेला तार बांधणारा माणूस मपल्यासाठी दर साली फाट्यावर जाऊन इकतचे आंबे आणून राहिला. बसून एकेक लेबल खरवडून राहिला. म्हणलं, आणू द्या."

मग तिनं तेलाचा डबा पुढं केला. रोप आंब्याचं होतं, चांगलं दोन हात वाढलेलं. डब्याच्या पत्र्यावर एक गोल लेबल चिकटवलेलं होतं. पहिल्या साली एका आंब्याचं खरवडायचं राहून गेलेलं. कोय त्याच आंब्याची होती.

"खड्डा करा," ती म्हणाली.

सटवाजीनं खड्डा केला. शालूबाईला उतरता येत नव्हतं, रानात दरड नव्हती, त्यामुळं तिनं सगळं वरूनच सांगितलं. अजून हातभर खोल. माती भुसभुशीत करा. रोप लागलं, तांब्यातलं पाणी त्यालाच घालण्यासाठी होतं हे तेव्हा कळलं. मग तिनं मान वर करून चहूकडं पाहिलं, आणि एकेक दिसायला लागलं. उगवतीकडं चार ओळींत तण माजलेलं होतं. ठिबकची नळी दोन ठिकाणी फुटलेली होती. शेजाऱ्याची गुरं बांध तुडवून हळदीतून पाणी प्यायला जात होती. भागवत रोज सांगायचा, रान एकदम झकास आहे. तो अजून टायरच बघत होता. दिवस मावळेपर्यंत बापलेकांनी तण उपटलं, नळी जोडली, बांधाला काटे लावले, आणि शालूबाई सीटवर बसून राहिलेल्या ओळी मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं सगळ्यात आधी वारंगा फाट्यावर गेले. हातांना फोड आलेले होते. सटवाजी म्हणाला, मिस्त्री, गाडी खाली करा, होती तेवढी, जमलं तर त्याच्याहून खाली. वसरामला आनंदच झाला. त्यानं जॅक लावला, पाना उचलला, आणि त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, दोनदा 'व्हय काकी' म्हणाला, आणि फोन ठेवून जॅक परत काढून घेतला.

"काकी म्हणतात, एक बोटही खाली करू नका. दर सोमवारी रानात जायचंय, अन् तिथून समदं दिसतं." वसरामनं सटवाजीकडं जरा आदरानं पाहिलं. "तुमी म्हणले होते काका, मलाच पटलं नव्हतं. त्यांना उंचावर बसायची खरंच लै हौस हाये."